स्थूलत्वावरील शस्त्रक्रिया : निर्णयापूर्वी जाणून घ्यावे असे काही



कऱ्हाकाठचा हा मुलूख एकेकाळी अवर्षणासाठी ओळखला जाई. १८८५ मध्ये नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले आणि बारामती-इंदापूरच्या शिवाराचे रूप पालटू लागले. ज्वारी-बाजरीच्या जोडीला ऊस आला, पुढे साखर कारखाने आले, दूधसंघ आले, उजनीच्या पाण्यावर इंदापूरची बाजू फुलली. जिरायती गावांची तहान अद्याप भागलेली नाही हे खरे. तथापि एकूण पाहता गेल्या दोन पिढ्यांत येथील घराघरांत अन्नाची ददात राहिली नाही. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्या शरीराने पिढ्यान्‌पिढ्या भाकरी, कालवण आणि दिवसभराचे कष्ट एवढेच पाहिले, त्या शरीरापुढे आता साखर, तेल, मैदा आणि दुचाकी एकाच वेळी येऊन उभी राहिली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशातील सुमारे २१ टक्के स्त्रिया आणि १९ टक्के पुरुष अतिवजनाचे होते; २०१९-२१ मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे २४ व २३ टक्क्यांवर गेले. ही केवळ महानगरांची व्याधी आहे, असे म्हणण्याचे दिवस संपले.

या पार्श्वभूमीवर वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा आता तालुक्याच्या गावीही होऊ लागली आहे. 'बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी' हा शब्द 'भार' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा मराठी वृत्तपत्रांतून ती घरोघरी पोहोचली. २०१४ मध्ये अरुण जेटली यांच्यावर दिल्लीत अशी शस्त्रक्रिया झाली. मधुमेह हे तिचे एक प्रमुख कारण होते, आणि तिच्यानंतर काही आठवड्यांत त्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. दोन्ही उदाहरणे एकत्र ध्यानात ठेवली, की या विषयाच्या दोन्ही बाजू दिसतात. जाहिरातीत फक्त पहिली दिसते आणि पारावरच्या गप्पांत फक्त दुसरी. ज्याला निर्णय घ्यावयाचा आहे त्याला मात्र दोन्हींचे माप हवे.

आळस नव्हे, आजार

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्थूल माणसाला आपल्याकडे सहज 'खादाड' किंवा 'आळशी' ठरविले जाते. लग्नकार्यात त्याच्या ताटाकडे पाहून विनोद होतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल व्यक्तीचे विस्तृत वर्णन आहे आणि स्थूलतेच्या कारणांत अति आहार, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप यांबरोबरच बीजस्वभावाचाही, म्हणजे आनुवंशिकतेचाही, उल्लेख आहे. आधुनिक विज्ञान वेगळ्या वाटेने त्याच जागी आले आहे. वजन घटू लागले की शरीर ते संकट समजते, भूक वाढविणारी संप्रेरके वाढतात, ऊर्जेचा खर्च कमी होतो. म्हणूनच मोठ्या निग्रहाने पंधरा किलो घटविलेला माणूस दोन वर्षांत पुन्हा जेथल्या तेथे येतो. यात इच्छाशक्तीचा पराभव असतोच असे नाही. अनेकदा तो शरीरधर्माचा विजय असतो.

भारतीय शरीराची आणखी एक गोष्ट पुण्यातच उजेडात आली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु शरीरातील चरबी याज्ञिकांच्या ठिकाणी २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या ठिकाणी ९.१ टक्के. वरून सडसडीत दिसणारा आपला माणूस आतून मेदयुक्त असू शकतो, आणि ती चरबी पोटात, यकृताभोवती साठते. म्हणूनच मधुमेह आपल्याला कमी वजनावर आणि कमी वयात गाठतो.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी?

मोजमापाचे सूत्र सोपे आहे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की देहभार निर्देशांक, म्हणजेच बीएमआय, मिळतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ९० किलो असेल तर तिचा निर्देशांक ३५ च्या थोडा वर जातो.

१९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेली मर्यादा अशी होती : निर्देशांक ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार. २०२२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सक संघटनांनी ती बदलली. आता ३५ च्या वर इतर आजार नसले तरीही शस्त्रक्रियेची शिफारस केली जाते, आणि ३० ते ३५ या टप्प्यात मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असल्यास विचार केला जातो. आशियाई लोकांसाठी ही पट्टी आणखी खाली, २७.५ पर्यंत, आणली गेली आहे. परंतु 'करता येते' आणि 'केली पाहिजे' यांत अंतर आहे. २८ निर्देशांकाच्या ज्या रुग्णाचा मधुमेह औषधांना दाद देत नाही, त्याचा विचार वेगळा; आणि तितक्याच वजनाच्या ज्या तरुणीला केवळ विवाह जमावा म्हणून शस्त्रक्रियेच्या मेजावर नेले जाते, तिचा वेगळा. दुसऱ्या उदाहरणात कुटुंबाने थांबले पाहिजे. ही सौंदर्यशस्त्रक्रिया नव्हे. पोटाच्या कातडीखालची चरबी शोषून काढण्याच्या 'लायपोसक्शन'शी तिचा संबंध नाही.

त्याचप्रमाणे थायरॉइडचा विकार, कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा अतिरेक, स्टिरॉइडसारखी काही औषधे यांमुळेही वजन वाढते. सांधेदुखीवर कोणा अनोळखी माणसाकडून आणलेल्या पुड्यांत स्टिरॉइड असणे ही ग्रामीण भागात नवलाची गोष्ट नाही. अशा वेळी मूळ कारण शोधणे हे शस्त्रक्रियेच्या आधीचे कर्तव्य ठरते.

पोटात नेमके काय केले जाते?

दुर्बिणीच्या साहाय्याने, चार-पाच छोट्या छिद्रांतून ही शस्त्रक्रिया होते. तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत.

पहिला 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'. यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा बाहेर काढतात. उरते ती केळीच्या आकाराची अरुंद नळी. भूक जागविणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. हा प्रकार मागे फिरविता येत नाही. ज्यांना आधीपासून तीव्र आम्लपित्त किंवा छातीत जळजळ आहे त्यांचा त्रास यामुळे वाढू शकतो, हे आवर्जून लक्षात ठेवावे.

दुसरा 'गॅस्ट्रिक बायपास'. अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात त्याचा पाया घातला. जठराची लहानशी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. मधुमेहावर त्याचा परिणाम अधिक. परंतु लोह, कॅल्शियम, ब-१२ यांचे शोषण घटते, म्हणून पूरक औषधांची गरजही अधिक. एकच जोड असलेला 'मिनी बायपास' आपल्या देशात बराच प्रचलित आहे. 'मिनी' या शब्दाने फसू नये. शस्त्रक्रिया लहान नसते.

लाभ किती आणि धोका किती?

साधारणपणे पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के घट होते. म्हणजे ११० किलोचा रुग्ण ८० च्या आसपास येतो. तो ६० किलोचा होईल अशी अपेक्षा बाळगली तर यशस्वी शस्त्रक्रियाही त्याला अपयशी वाटेल. पुढील काळात थोडे वजन परत येते, आणि बेफिकिरी असेल तर बरेच येते.

खरा लाभ आकड्यापेक्षा आजारांत दिसतो. अमेरिकेतील एका चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांची सरासरी साखर ६ टक्के किंवा त्याखाली आणणे हे उद्दिष्ट बायपास झालेल्या २९ टक्के, स्लीव्ह झालेल्या २३ टक्के, तर केवळ औषधे घेणाऱ्या ५ टक्के रुग्णांना साध्य झाले. या आकड्यांतून दोन बोध निघतात. शस्त्रक्रिया औषधांपेक्षा निश्चितच सरस ठरली. आणि तरीही दोन-तृतीयांशाहून अधिक रुग्णांना ते कठोर उद्दिष्ट गाठता आले नाही, जरी त्यांतील अनेकांची औषधे कमी झाली. म्हणून 'मधुमेह मुळापासून जातो' हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्युप्रमाणही कमी आढळले. झोपेतील श्वासावरोध, रक्तदाब, गुडघ्यांवरील भार यांतही सुधारणा होते.

धोक्याची बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. अमेरिकेतील १० केंद्रांच्या २००९ मधील अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण हजारी ३ होते. प्रमाण कमी आहे, शून्य नाही. टाक्यांच्या रेषेतून गळती होणे, रक्तस्राव, पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, हे आरंभीचे मोठे धोके. पुढे पित्ताशयात खडे, जोडाच्या ठिकाणी व्रण, आतड्याला पीळ, रक्तक्षय, हाडे ठिसूळ होणे असे त्रास संभवतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. ते बहुधा परत येतात.

अपेक्षा आणि वास्तव यांतील दरीचे एक दुःखद उदाहरण मुंबईने पाहिले. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तहून अतिप्रचंड वजनाची एक महिला उपचारासाठी विमानाने आणली गेली. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, वजन घटल्याच्या बातम्या झळकल्या. पाठोपाठ डॉक्टर आणि नातेवाईक यांच्यात जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलविण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये तिचे निधन झाले. तिचे आजार अनेक आणि जुने होते, त्यामुळे एका शस्त्रक्रियेला दोष देता येणार नाही. परंतु 'यातून काय साधेल आणि काय साधणार नाही' याविषयी रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर यांचे आधीच एकमत झालेले असावे, हा धडा सर्वांसाठी आहे.

अंतराचा प्रश्न

कऱ्हाटीच्या रुग्णाला या शस्त्रक्रियेसाठी बहुधा पुणे गाठावे लागते. बारामतीहून ते सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून अधिक. रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी येतो, आणि त्रास सुरू झाला तर तो मध्यरात्री, वाडीवस्तीवर. म्हणून घरातील किमान दोघांना पुढील लक्षणे पाठ असावीत : नाडीचे ठोके मिनिटाला १२० च्या वर टिकून राहणे, ताप, वाढती पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणे, धाप लागणे, पोटरी सुजणे, पाणीही न टिकणे. यांतील काहीही दिसल्यास 'सकाळी बघू' म्हणू नये.

गावातील डॉक्टरांनाही पूर्वकल्पना हवी. सतत उलट्या होणाऱ्या अशा रुग्णाच्या शरीरातील ब-१ जीवनसत्त्व संपलेले असू शकते. त्याला अशक्तपणा आला म्हणून आधी ग्लुकोजचे सलाईन लावले, तर मेंदूला गंभीर इजा होण्याचा धोका असतो; ब-१ आधी द्यावे लागते. शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, चालू औषधे आणि शल्यविशारदाचा दूरध्वनी असलेले एक कार्ड रुग्णाच्या खिशात सदैव असावे. बारामतीत उपजिल्हा रुग्णालय आहे, २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणीबाणीत प्रथम कोठे जायचे, हे शस्त्रक्रियेच्या आधीच ठरलेले असावे. मधुमेह व रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या, इन्सुलिन पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवणेही धोक्याचे, कारण साखर पहिल्या काही दिवसांतच उतरू लागते.

ताट, उपवास आणि व्यसन

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे द्रवाहार, नंतर मऊ अन्न, आणि सुमारे दीड महिन्याने नेहमीचे जेवण, असा क्रम असतो. जेवताना पाणी नाही. ते अर्ध्या तासानंतर, घोटघोट. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. शाकाहारी कुटुंबांत हाच सर्वांत कठीण भाग ठरतो, कारण आपले ताट भात-भाकरीने भरलेले आणि वरण पातळ. म्हणून आधी घट्ट वरण, मोड आलेली मटकी, दही, पनीर, आणि जागा उरली तर भाकरी, असा उलटा क्रम अंगवळणी पाडावा लागतो. उसाचा रस, काकवी, गुळाचा चहा, पेढे असे गोड पदार्थ विशेषतः बायपासनंतर पोटात वेगाने उतरतात आणि घाम, धडधड, चक्कर, जुलाब होतात.

उपवासाचा विषय नाजूक आहे. निर्जळी उपवास पहिल्या वर्षात करू नये. शरीरातील पाणी झपाट्याने घटते. आणि साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास म्हणजे पिठूळ पदार्थ व तेल यांचाच आहार, प्रथिने जवळजवळ नाहीत. आपल्या शास्त्रांनी रुग्णाला व्रतनियमांत सवलत दिली आहे, तिचा मान राखावा. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर या वाटेने जाते. नव्याने शस्त्रक्रिया झालेल्याने तिच्यासोबत एखादा टप्पा चालण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि पंक्तीतील आग्रहाला नम्रपणे नकार द्यावा. तेथे आग्रह करणाऱ्यानेही थांबायला शिकले पाहिजे.

तंबाखू, बिडी आणि घरातील स्त्रिया दातांना लावतात ती मिश्री, ही सारी शस्त्रक्रियेच्या कित्येक आठवडे आधी सुटली पाहिजेत. तंबाखूमुळे जखम उशिरा भरते आणि जोडावर व्रण होतो. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेणे हेही तसेच. मद्य बायपासनंतर लवकर आणि अधिक चढते. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षात मद्याच्या आहारी जाणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे. जेवणातून मिळणारा दिलासा हरपतो, तेव्हा मन दुसरा आधार शोधते. म्हणून आधी मानसतज्ज्ञाशी बोलणे हा केवळ उपचार समजू नये.

विवाहित तरुणींनी शस्त्रक्रियेनंतर किमान एक ते दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. वजन घटल्यावर अनियमित पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते, ही गोष्ट सासरच्या मंडळींनाही ठाऊक हवी.

खर्च आणि विमा

अनेक घरांत उसाच्या बिलाचा हप्ता मोजून अशा खर्चाची तयारी केली जाते. परंतु खर्च रुग्णालयाच्या बिलावर संपत नाही. जीवनसत्त्वे, कॅल्शियम, वर्षातून होणाऱ्या रक्ततपासण्या आणि पुण्याच्या खेपा या आयुष्यभराच्या आहेत. ज्याला हा पुढचा खर्च झेपणार नाही, त्याने शेत गहाण ठेवून पहिला खर्च करणे शहाणपणाचे नाही.

विम्याबाबत नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये एकसारखी अट घातली. स्थूलतेवरील उपचार वगळलेले असले, तरी पुढील अटी पूर्ण झाल्यास शस्त्रक्रियेला ती वगळणूक लागू होत नाही : डॉक्टरांचा सल्ला, मान्य वैद्यकीय निकष, १८ वर्षे पूर्ण, आणि निर्देशांक ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक व सोबत कमी त्रासाचे उपाय निष्फळ ठरलेले हृदयविकार, तीव्र श्वासावरोध किंवा अनियंत्रित मधुमेह यांसारखे आजार. शल्यचिकित्सकांची पट्टी खाली आली, विम्याची मात्र वरच आहे. म्हणजे डॉक्टर 'योग्य' म्हणतील, तरी विमा कंपनी नाकारू शकेल. प्रतीक्षाकाळ आणि लेखी पूर्वमंजुरी तपासल्याशिवाय तारीख घेऊ नये.

२०२५ पासून आपल्या देशात वजन घटविणारी नवी प्रभावी इंजेक्शनेही अधिकृतपणे उपलब्ध झाली आहेत. काही रुग्णांची शस्त्रक्रिया त्यांनी टळू शकते. परंतु ती थांबविली की घटलेले वजन बऱ्याच अंशी परतते, आणि ती दुकानातून परस्पर आणण्याची वस्तू नव्हे.

विचारावेत असे प्रश्न

शल्यविशारदाला भेटताना प्रश्न लिहून न्यावेत. आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांत किती रुग्णांना गुंतागुंत झाली? माझ्यासाठी हाच प्रकार का? आहारतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ पथकात आहेत का? रात्री दोन वाजता दूरध्वनी कोण उचलेल? पाच वर्षांनी तपासणी कोण करील? शस्त्रक्रिया केली नाही तर माझे काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. जो घाई करतो, 'या महिन्यात सवलत आहे' म्हणतो, त्याला नमस्कार करून दुसऱ्याचे मत घ्यावे. हा आजार वर्षानुवर्षे वाढलेला असतो. आणखी तीन महिने विचाराला आणि तयारीला दिल्याने सहसा काही बिघडत नाही.

निर्णय रुग्णाचा आहे, पण तो निभावतो सारे घर. सून वेगळे जेवू लागली की सासूने घट्ट वरण बाजूला काढून ठेवणे, पतीने तपासणीची तारीख लक्षात ठेवणे, मुलांनी संध्याकाळी तिच्याबरोबर कालव्याच्या कडेने चालायला जाणे, या लहानसहान गोष्टींवरच पाच वर्षांनंतरचा निकाल अवलंबून असतो. शल्यविशारदाचे काम दोन-तीन तासांत संपते. उरलेले काम घराचे आहे, आणि ते करण्याची तयारी असेल तरच पुण्याची गाडी पकडावी.